खोलीतला बोरघाट

एखादे खरे रेल्वेस्थळ निवडून त्याची लहान प्रमाणावरील चालती प्रतिकृती उभारावयाची, असा संकल्प ज्याने सोडला त्याच्यापुढे पहिल्या दिवसापासून एक प्रश्न हात जोडून उभा असतो: त्या स्थळातले काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे. या प्रश्नाचे उत्तर देताना मनुष्याची भूगोलाविषयीची, इतिहासाविषयीची आणि सत्याविषयीची जी काही धारणा असेल ती सगळी बाहेर येते, असा माझा अनुभव आहे. आणि म्हणूनच माझ्या दोन वयोवृद्ध स्नेह्यांमध्ये बोरघाटाच्या प्रतिकृतीवरून जो दीर्घ वाद झाला तो, त्याचा तपशील ताजा आहे तोवर, लिहून काढावा असे मला वाटले.

या दोघांपैकी तात्यांचे सारे आयुष्य रेल्वेच्या रूळखात्यात गेले. पी-वे इन्स्पेक्टर या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले असून फूटपट्टी, साखळी आणि पातळीदर्शक यंत्र यांनी जे सिद्ध होत नाही त्यावर विश्वास ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता नाही. दुसरे मास्तर. त्यांनी तीस-पस्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकविली, सह्याद्रीची जलरंगातली शेकडो चित्रे काढली, आणि आता माडीवरची 18 फूट लांब व 11 फूट रुंद खोली मोकळी करून तीत बोरघाट बसविण्याचे त्यांनी मनावर घेतले आहे. खोली मास्तरांची, हात दोघांचे, आणि आराखडा अद्याप कोणाचाच नव्हता, अशा अवस्थेत ही चर्चा सुरू झाली.

मास्तरांनी मोठ्या उत्साहाने एक रंगीत चित्र पसरले. त्यात पायथ्याशी कर्जत होते व तेथे गाडीच्या पाठीमागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लागत होती. मग एकामागून एक बोगदे, कमानींचे पूल, पावसाळी धबधबे, मधोमध जुने रिव्हर्सिंग स्टेशन, त्याच्या पाठीशी नागफणीचा सुळका, आणि माथ्यावर खंडाळ्याच्या फलाटाकडे धावणारी डेक्कन क्वीन. "संपूर्ण घाट डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे, तात्या. ज्याने तो लहानपणी खिडकीतून पाहिला त्याला येथे आल्यावर त्यातली एकही गोष्ट हरवली असे वाटता कामा नये."

तात्यांनी चित्र नीट निरखले, रंगांची तारीफ केली, आणि खिशातून पेन्सिल काढून त्याच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. "घाटाची मूळ चढण पावणेसोळा मैलांची आणि तेवढ्यात मार्ग 1831 फूट वर चढतो. आपण 1:87 हे प्रमाण धरले आहे. त्या प्रमाणाने तुमच्या खोलीत साडेनऊशे फूट लांबीचा रूळ घालावा लागेल आणि त्याचा माथा जमिनीपासून 21 फूट उंच जाईल. म्हणजे माडीचे छत फोडून कौलांच्या वर. घाटात पंचवीस बोगदे होते. तुम्ही किती दाखविणार? तीन? मग उरलेल्या बाविसांना वगळण्याचा हुकूम कोणत्या कायद्याने काढलात?"

"चित्राच्या कायद्याने," मास्तर शांतपणे म्हणाले. "मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे तुम्ही पाहिली आहेत. तेथे एवढ्याशा भिंतीवर नगरे आहेत, वने आहेत, दरबार आहेत. हत्ती दरवाजाहून मोठा काढला म्हणून त्या चित्रकाराला कोणी खोटे ठरविलेले नाही. पाहणाऱ्याच्या मनात जे प्रमाण असते ते साखळीच्या प्रमाणाहून वेगळे असते, आणि प्रतिकृती पाहणाऱ्यासाठीच असते."

"भिंतीवरच्या हत्तीला चालावे लागत नाही. आपली गाडी चालणार आहे. चालणाऱ्या वस्तूला लांबी, चढ आणि वळण यांचे नियम टाळता येत नाहीत. ती रुळावरून घसरून त्यांची आठवण करून देते."

हा उभयतांमधील मतभेदाचा गाभा होय, आणि तो नवीन नाही. लघुरेल्वेच्या छंदाची जेथे मोठी परंपरा आहे त्या इंग्लंडातही हेच दोन पंथ आहेत. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातून 1925 साली इंग्लंडात आलेला तरुण. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील गवताने शाकारलेली जुनी घरे आपल्या डोळ्यांदेखत पालटत चाललेली पाहून त्याने ती एकेक मोजून, त्यांच्या भिंतींचा रंग आणि छपराची वीण टिपून, 1:76 या प्रमाणात जतन करण्याचे व्रत घेतले, व त्यातूनच ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम येथे पेंडन हे संग्रहालय उभे राहिले. याच्या उलट जॉन एहर्न याने मॅडर व्हॅली नावाचे एक खोरेच कल्पिले, त्यात गावे वसविली, बंदर बांधले, आणि नकाशावर नसलेला तो मुलूख इतक्या जिव्हाळ्याने सजविला की पुढील पिढ्यांनी त्यालाच आदर्श मानले. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी परिश्रमाने उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. तेथील चालते-बोलते नगरही कल्पनेतलेच, आणि ते पाहून किती मुलांना आगगाडीचे वेड लागले असेल याची गणती नाही. मास्तरांनी कोथरूडचा दाखला दिला तेव्हा तात्यांनी तो मनापासून मान्य केला. "पण जोशींनी आपल्या नगराला कोणत्याही खऱ्या गावाचे नाव दिलेले नाही. तुम्ही बोरघाट हे नाव देणार आहात. नाव दिले की कबुली दिली. मग दस्तऐवज दाखवावा लागतो."

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला, आणि आजही वाटतो. काल्पनिक नगर रचणाऱ्यावर फक्त सौंदर्याचे ऋण असते. खऱ्या स्थळाचे नाव घेणाऱ्यावर तेथे राबलेल्या माणसांचेही ऋण चढते.

पुढचा आक्षेप काळाचा निघाला, व त्याने मास्तरांच्या चित्राचा अर्धा भाग एका झटक्यात पुसून टाकला. तात्या म्हणाले, "तुमच्या चित्रात डेक्कन क्वीन रिव्हर्सिंग स्टेशनाजवळून जाते. ती कधीही तेथून गेलेली नाही. घाटातला नवा मार्ग तयार होऊन रिव्हर्सिंग स्टेशन 1929 साली मोडीत निघाले. त्याच वर्षी कल्याण ते पुणे विजेची गाडी सुरू झाली. आणि डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली ती 1 जून 1930 रोजी. या दोहोंची भेट झालेली नाही, आणि ती घडवून आणण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही."

मास्तर काही वेळ बोलले नाहीत. डेक्कन क्वीन ही त्यांच्या बालपणाची गाडी. "मग रिव्हर्सिंग स्टेशन सोडा. 1930 घ्या. विजेच्या तारा, गाड्या ओढणारी ती लांब नाकाडाची इंजिने, ज्यांना घाटातली माणसे खेकडा म्हणत. तेही वैभवच होते."

"होते. पण मला सांगा, 1930 च्या त्या मार्गावर गाडी काय करते? एका बोगद्यातून निघते आणि दुसऱ्यात शिरते. तुम्ही पाहात राहाल, आणि महिन्याभरात कंटाळाल. रिव्हर्सिंग स्टेशनावर गाडी थांबते, तिचे तोंड शेपूट होते, शेपूट तोंड होते, आणि ती आली त्याच अंगाला, पण वरच्या पातळीवर, निघून जाते. तेथे काम आहे. सांधेवाल्याला काम आहे, गार्डाला आहे, ड्रायव्हरला आहे, आणि पाहणाऱ्यालाही आहे."

या ठिकाणी वाचकांसाठी थोडे विवरण आवश्यक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याने बोरघाटाची आखणी केली तेव्हा डोंगराच्या कुशीने चढत आलेला मार्ग एका सोंडेवर येऊन ठेपला, जेथे पुढे खोल दरी होती व गाडीला वळून परत डोंगराकडे येण्याइतके वळण घालण्यास जागाच नव्हती. म्हणून त्या सोंडेवर एक सपाट मोकळी पट्टी काढून मार्ग तेथे खुंटविला. खालून आलेली गाडी त्या खुंटलेल्या टोकात शिरायची, इंजिन सोडून ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायचे, सांधा बदलायचा, आणि गाडी उलट दिशेने वरच्या फाट्यावर चढू लागायची. थळघाटातही अशीच योजना होती. घाटमार्ग 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते खुला झाला. बर्कली त्याआधी काही महिने, 1862 सालीच निवर्तला होता. पुढे सुमारे सहासष्ट वर्षे मुंबई-पुण्याच्या दरम्यान घाटातून ये-जा करणारी प्रत्येक गाडी या एका चिंचोळ्या माचीवर उलटी फिरली.

तात्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की स्थळाची निवड त्याच्या कीर्तीवरून करू नये, त्याने केलेल्या कामावरून करावी. पूल सुंदर असेल, बोगदा भव्य असेल. परंतु घाटाची सारी अडचण आणि तिच्यावर माणसाने काढलेली तोड ज्या एका बिंदूत एकवटली होती तो बिंदू म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. तेवढेच घ्यावे, आणि पावणेसोळा मैलांपैकी उरलेल्यांना निरोप द्यावा.

"म्हणजे घाट सांगताना घाट गाळायचा," मास्तर म्हणाले.

"पाहा तर," असे म्हणून तात्यांनी मेजावर एक लाकडी पट्टी ठेवली. ती बरोबर 37 सेंटिमीटर कापलेली होती. तिच्या एका टोकाखाली त्यांनी 1 सेंटिमीटर जाडीची वही सरकविली, पट्टीवर रुळाचा एक तुकडा ठेवला, आणि त्यावर एक मालडबा अलगद सोडला. डबा क्षणभर थांबला, मग आपोआप चालू लागला, आणि मास्तरांनी हात पुढे केला नसता तर मेजाच्या कडेवरून खाली गेला असता. "एकास सदतीस. घाटातला सर्वांत कडक चढ हाच. नजरेला हा सपाटच वाटतो. डब्याला वाटत नाही. सबंध घाट मला या पट्टीत दिसतो. तुमच्या प्रतिकृतीत खालचा फाटा या उताराने खाली जाऊ द्या, वरचा याच चढाने वर जाऊ द्या, आणि मधली माची अगदी सपाट ठेवा, नाहीतर सोडलेले डबे उभे राहणार नाहीत. पाहणाऱ्याला घाट म्हणजे काय ते न सांगता कळेल."

मास्तरांनी तो डबा पुन्हा स्वतः सोडून पाहिला. त्यानंतर संपूर्ण घाटाचा आग्रह त्यांनी धरला नाही.

मग आराखडा कागदावर आला, आणि येथे मला दोघांच्या सहकार्याचा खरा आनंद मिळाला. रिव्हर्सिंग स्टेशनाचा एक गुण असा की तेथील दोन्ही फाटे एकाच अंगाला निघतात. खुंटलेले टोक तेवढे दुसऱ्या अंगाला. त्यामुळे खोलीच्या लांब भिंतीलगत सगळा पसारा सरळ रेषेत मांडता येतो. उजवीकडे खुंटलेली माची सव्वा मीटर, तिला लागून सांध्यांचा भाग पाऊण मीटर, त्यापुढे दोन मीटरपर्यंत दोन फाटे एक खाली व एक वर असे अलग होत जातात, आणि शेवटी दोन्ही डोंगराच्या आड नाहीसे होतात. त्या आडोशामागे सव्वा मीटरची गुप्त जागा, जेथे गाड्या उभ्या राहतील: खालच्या पातळीवर कर्जतकडून येणाऱ्या, वरच्यावर खंडाळ्याकडून. दोन मीटरांत एकास सदतीसने प्रत्येक फाटा साडेपाच सेंटिमीटर उतरतो किंवा चढतो, म्हणजे दोन पातळ्यांत 11 सेंटिमीटरांचे अंतर पडते. तेवढ्यात हात घालणे कठीण. म्हणून खालची फळी वरच्यापेक्षा हातभर पुढे घ्यावी अशी तजवीज तात्यांनी केली. एकंदर लांबी सव्वापाच मीटर. खोली साडेपाच मीटरांची. एखादे खरे स्थळ कसलीही ओढाताण न करता खोलीत बसावे हा योग विरळा.

येथे मात्र एक गोष्ट अडली. आजचा एकेक डबा 1:87 ला सुमारे पाव मीटर भरतो. दहा डब्यांची गाडी अडीच मीटर होईल आणि सव्वा मीटरच्या माचीत ती मावणार नाही. तात्यांनी याचे उत्तर काळ आणखी मागे नेऊन दिले. 1870 च्या पुढची काही वर्षे घेतली तर डबे चार चाकांचे, वीस-पंचवीस फुटी, प्रतिकृतीत सात ते नऊ सेंटिमीटरांचे. अशी दहा डब्यांची पुरी गाडी इंजिनासकट एका मीटरात बसते. इंजिने त्या काळची, पाण्याची टाकी खोगिरासारखी पाठीवर वाहणारी. शिवाय एकोणिसाव्या शतकात छायाचित्रकार या घाटात आवर्जून येत; रिव्हर्सिंग स्टेशन आणि मागे नागफणी हे दृश्य त्यांनी टिपून ठेवलेले आहे. "ज्या वर्षाचा पुरावा आहे ते वर्ष आपले," तात्या म्हणाले. कालनिर्णयाची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. आपल्या आवडीचे वर्ष निवडून त्यासाठी पुरावा शोधीत बसणारा मनुष्य अखेर पुरावा बनवू लागतो.

रुळांच्या रुंदीवरून जो वाद पेटला तो सर्वांत तीव्र होता, व तो बाहेरच्याला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. बाजारात 1:87 साठी जो तयार रूळ मिळतो त्याची रुंदी साडेसोळा मिलिमीटर असते, कारण तो युरोप-अमेरिकेतील रुंदीला अनुसरून घडविलेला आहे. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे 1676 मिलिमीटर. त्याची 1:87 ला रुंदी 19.3 मिलिमीटर येते.

"पावणेतीन मिलिमीटरांचा फरक!" मास्तर उद्गारले. "तेवढ्यासाठी सगळे रूळ हाताने घालायचे? तयार रूळ आणा, आठवड्यात गाडी फिरेल."

"मास्तर, तुम्ही माणसाचे चित्र काढताना दोन डोळ्यांतले अंतर सातव्या हिश्शाने कमी केलेत तर तो मनुष्य ओळखू येईल काय? ब्रॉडगेज हा आपल्या रेल्वेचा चेहरा आहे. तयार रुळावर आपला डबा ठेवा. पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या जाड्या माणसासारखा तो दिसतो."

मास्तरांनी हे लगेच मानले नाही. त्यांचे म्हणणे असे की वेळ हाही एक पदार्थ आहे, तो रुळांत ओतला तर डोंगरासाठी उरणार नाही. आणि वयाची सत्तरी उलटलेल्या दोघांनी हा जमाखर्च विसरू नये. हे म्हणणे गंभीर होते. त्यावर तात्यांनी दिलेले उत्तर मला या सगळ्या वादातील मर्माचे वाटते. संपूर्ण घाट घेतला असता तर शेकडो फूट रूळ हाताने घालणे अशक्यच होते, व तयार रुळावाचून गत्यंतर नव्हते. परंतु एकच माची घेतल्यामुळे आता मोजके सांधे आणि थोडासा रूळ एवढेच काम आहे. तांब्याचा पातळ थर असलेल्या फायबरच्या पट्ट्या स्लीपर म्हणून मांडायच्या, माप लावून रूळ त्यावर डाग देऊन बसवायचे, आणि प्रत्येक सांध्यावरून एक डबा हाताने ढकलून पाहायचा. चाकांचे आंस रुंद करून घ्यायचे. जे वगळले त्याच्या मोबदल्यात हा खरेपणा पदरात पडतो. मास्तरांनी मंजुरी दिली, पण एका अटीवर: डोंगराच्या बाबतीत तात्यांनी हरकत घ्यायची नाही.

आणि डोंगराच्या बाबतीत मास्तर जे बोलले त्यापुढे तात्यांची साखळी खरोखरच तोकडी पडली. "लघुरेल्वेचे बहुतेक डोंगर आल्प्सचे असतात," ते म्हणाले, "टोकदार, करडे, वेडेवाकडे फुटलेले. सह्याद्री तसा नाही. तो लाव्ह्याच्या थरांचा आहे. थरावर थर, आडवे, आणि प्रत्येक थर उभ्या भेगांनी चिरलेला. कडा, मग त्यावर गवताची उतरती पट्टी, मग पुन्हा कडा. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची रेघ. हे ज्याने पाहिले नाही त्याने बोरघाट पाहिला नाही." त्यांनी प्लास्टरचा एक ठोकळा आणला होता. ओलसर असतानाच त्यावर जुन्या करवतीच्या पात्याने आडवे पट्टे ओढलेले, मग चाकूने उभे तडे, आणि वाळल्यावर पातळ काळा रंग असा फिरविलेला की तो भेगांत उतरावा व माथ्यावरून निघून जावा. विटकरी रंगाची एक बारीक रेघ मधून गेली होती. तात्यांनी तो ठोकळा हातात घेतला, खिडकीशी नेला, आणि म्हणाले, "घाटातल्या जामरुंगजवळ मी असा खडक रोज पाहात होतो." एवढ्या प्रशस्तिपत्रावर मास्तर खूश झाले.

नागफणी खरोखर जेथे आहे तेथे प्रमाणशीर दाखवायची तर ती मास्तरांच्या भिंतीपलीकडे, शेजाऱ्याच्या आवारात येईल. ती भिंतीवर रंगवावी, जवळच्या टेकड्या उंचीला किंचित कमी कराव्यात, आणि माची जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवावी, जेणेकरून पाहणाऱ्याची नजर गाडीच्या छपरावरून न जाता तिच्या बरोबरीने दरीपलीकडे जाईल, ही मास्तरांची योजना निर्विवाद मान्य झाली. सपाट फळीवर प्रतिकृती करू नये, नुसता सांगाडा उभारावा व दरी रुळाच्या खाली दोन फूट उतरू द्यावी, हेही त्यांनीच सुचविले. घाटाचा जीव खालच्या पोकळीत असतो, हे मोजणीच्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते. ऋतूही त्यांनीच मुक्रर केला: भाद्रपदाची अखेर, गवत अजून हिरवे, पठारांवर सोनकी पिवळी, आणि धबधबे ओसरून कड्यांवर फक्त पाण्याच्या ओल्या रेघा उरलेल्या.

माणसांचा प्रश्न उरला. 1:87 ला प्रौढ मनुष्य दोन सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो. विकत मिळणारे पुतळे टोपी-कोटातले; त्यांच्या टोप्या तासून त्यावर मेणाची पागोटी चढवावी लागतील, कोटांची बाराबंदी करावी लागेल, आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या स्त्रियांना काष्ट्याचे लुगडे रंगवावे लागेल. तात्यांनी सांधेवाला, गार्ड, दोन मुकादम व गँगमनांची एक टोळी एवढी यादी दिली. तेव्हा मास्तरांनी विचारले, "आणि ज्यांनी हा घाट खोदला ते?"

"ते आपल्या वर्षात तेथे नाहीत."

"नाहीत, म्हणूनच विचारतो."

ऐन भरात असताना या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. दोरांनी कड्यावर लटकून सुरुंग भरणारे तेच. पटकी आणि ताप यांनी तळांवर पटापट मेले तेही तेच. पहिला कंत्राटदार फॅविएल याच्या अमदानीत मजुरी थकल्यावरून 1859 साली त्यांनी उठाव केला, आणि त्यानंतर फॅविएलच्या हातून काम गेले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन अल्पावधीतच वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट आपल्या नावे चालवून तडीस नेले. बाईचे नाव इतिहासात आहे, व ते असलेच पाहिजे. मजुरांपैकी एखाद्याचे नाव सांगा म्हटले तर आपण निरुत्तर होतो. तात्यांचा कटाक्ष होता की जे त्या वर्षी तेथे नव्हते ते प्रतिकृतीत घालू नये. आणि तो कटाक्ष योग्य आहे. अखेर असे ठरले की सांगाड्याच्या दर्शनी फळीवर, जेथे प्रतिकृतीचे प्रमाण व काळ लिहावयाचा तेथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत, मजुरांची ही हकिकत लिहावी. माझे मत विचाराल तर अक्षरे थोडी मोठी असली तरी चालतील.

आराखडा येणेप्रमाणे मुक्रर झाला. उणीव राहिली ती एकच, आणि ती दोघांच्याही हातची नाही. माचीवरील सांध्यांची नेमकी मांडणी, त्यांच्यामधली अंतरे, केबिनीची व पाण्याच्या टाकीची जागा, हे सारे छायाचित्रांतून अंशतः दिसते, उरलेले जागेवर जाऊन अवशेषांवरून जुळवावे लागते. ते अवशेष खंडाळ्यापाशी द्रुतगती मार्गाच्या निकट आहेत, आणि घाटातल्या जुन्या बांधकामांना आज कोणी वाली नाही. अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडण्यात आला हे सर्वांच्या स्मरणात असेल. थंडी पडली की तात्या आणि मास्तर फीत, वही व रंगपेटी घेऊन तेथे मोजणीस जाणार आहेत.

वाचकांना एक विनंती. कर्जत, खंडाळा, लोणावळा, कल्याण या गावांत पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची नोकरी केलेली घराणी आहेत, आणि त्यांच्या माळ्यांवर जुनी वेळापत्रके, केबिनींचे नकाशे, कामाच्या नियमांची पुस्तके व आजोबांची छायाचित्रे पडून आहेत. ती रद्दीत घालू नका. छायाचित्राच्या पाठीवर स्थळ, साल आणि त्यातील माणसांची नावे आजच पेन्सिलीने लिहून ठेवा. घरात ती सांगू शकणारे कोणी हयात असेल तर त्याच्या शेजारी बसून लिहा.